उरलेली वायर

रात्री साडेअकराला माझ्या क्वाडला, म्हणजे चार चाकांच्या मोटरसायकलला, नवा सीडीआय बसवून झाला आणि एक वायर उरली.

सीडीआय म्हणजे इंजिनात ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा खोका. जुन्या खोक्याला सहा वायरी होत्या, नव्याला पाच. कपलर एकेक करून 'टक्' करत बसत गेले, दातांत धरलेल्या टॉर्चमुळे जबडा दुखायला लागला, आणि शेवटी हातात राहिली ती काळी, अंगावर पिवळी रेघ असलेली, बोटभर लोंबणारी वायर. खोक्यासोबत आलेला घडीचा कागद पुन्हा उलगडला. त्यात एवढंच होतं की ही जोडणी लागत नाही, टोक टेप लावून बंद करावं. म्हणजे चूक माझी नव्हती. टेप गुंडाळली, सीटखालच्या गुंत्यात वायर कोंबली, पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला आणि किक मारली. दुसऱ्या किकला इंजिन पेटलं. टू-स्ट्रोकचा तो कोरडा, चिडका आवाज, निळसर धूर, आणि जळक्या ऑइलचा तो वास जो कपड्यांतून दोन धुण्यांतही जात नाही. अंगठ्याने जरा रेस दिली तर आवाज आधीपेक्षा धारदार वाटला. खरंच धारदार होता की मला तसा ऐकायचा होता, हे त्या रात्री मला सांगता आलं नसतं. इंजिन बंद केलं, हात धुतले, दिवा घालवला. अंथरुणाला पाठ टेकल्यावर पहिली आठवली ती वायर.

टेबल जोडून झाल्यावर एखादा स्क्रू हातात उरतो. टेबल डुगडुगत नसतं, तरी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवताना हात क्षणभर थांबतो. तसंच काहीसं झालं होतं. कारखान्यात कुणीतरी ती वायर मापाने कापून, टोकाला पिन दाबून वायरिंगमध्ये घातली होती. हौस म्हणून कुणी वायर घालत नाही.

हे सगळं सुरू झालं ते क्वाड तापली की मिस मारायला लागल्यापासून. थंड असताना काही तक्रार नाही. पाऊण तास चिखलात आणि चढावर राबवली की आधी एखादा ठोका चुकायचा, मग दोन-तीन, मग आतून कडी लावून घ्यावी तशी ती एकदम गप्प. वीस मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा पहिल्या किकला चालू, जसं काही घडलंच नव्हतं. तापल्यावर जाणारा करंट हे गॅरेजवाल्यांचं सगळ्यात नावडतं दुखणं, कारण गाडी त्यांच्या दारात पोचेपर्यंत थंड होऊन बरी झालेली असते. मग मीच पाना आणि जास्तीचा प्लग खिशात घेऊन फिरायला लागलो. बंद पडली की तिथल्या तिथे प्लग काढायचा, कॅपमध्ये अडकवायचा, हेडच्या धातूला टेकवून किक मारायची. थंड इंजिनावर जी ठिणगी निळी, जाड, चटचट आवाज करणारी असते, ती तेव्हा केसासारखी बारीक आणि केशरी दिसायची, किंवा दिसायचीच नाही. एकदा प्लग धरताना बोट धातूला लागलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. इंजिनाला पुरत नव्हता तो करंट मला मात्र भरपूर पुरला.

तापल्यावर दगा देऊ शकणाऱ्या जागा मोजक्या. मॅग्नेट, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकांचं जड चाक, त्याच्या आतली वीज बनवणारी सोर्स कॉइल, ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारा पिकअप, व्होल्टेज चढवणारी एचटी कॉइल, प्लगची कॅप, आणि तो काळा सीडीआय. यांतल्या चारांना मीटर लावता येतो. पुस्तकात ओहमचे आकडे दिलेले असतात, त्यात बसलं तर ठीक. सीडीआयला मात्र मीटर लावून फारसं काही कळत नाही. आत सगळं काळ्या एपॉक्सीत ओतून बंद केलेलं असतं, फोडलं तर तुकडे. ज्याच्या आत डोकावता येत नाही त्याच्यावर संशय घेणं सगळ्यात सोपं. मीही घेतला.

माझ्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक आहेत, त्यांना मी दादा म्हणतो. त्यांनी फोनवर विचारलं, "मीटर लावलास का?"

"लावला ना, दादा. सगळं बरोबर आहे."

"गरम असताना लावलास का?"

मी विषय बदलला. खरं सांगायचं तर तोवर मला तो खोका हवा होता. दुखणं शोधून मग औषध घ्यायचं हा क्रम माझ्याकडून उलटा झाला होता. औषधाची बाटली आवडली होती, आणि आता दुखणं त्यात बसवायचं होतं.

इग्निशन निवडायला बसलं की रात्री कशा जातात ते कळत नाही. सगळ्यात साधा पर्याय म्हणजे मूळ होता तसाच, फक्त दुसऱ्या कुणी बनवलेला. मग तोच खोका, पण आरपीएमची, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांची, वरची मर्यादा काढलेला आणि टायमिंग थोडं पुढे सरकवलेला, म्हणजे ठिणगी जरा लवकर. मग बटणाने किंवा छोट्या चकतीने बदलता येणारे निरनिराळे कर्व्ह असलेला. कर्व्ह म्हणजे कोणत्या आरपीएमला ठिणगी किती आधी, याची आखलेली रेघ. त्यातले काही तर दहा-दहा मॅप पोटात घेऊन येतात. त्याच्यापुढे लॅपटॉपला जोडून आपला आपण कर्व्ह आखायचा तो: इतक्या आरपीएमला इतके अंश, पुढच्या टप्प्याला इतके. मी एका रात्री चौकटीच्या वहीत असा कर्व्ह काढलासुद्धा होता, तीनदा खोडरबर चालवून, आणि तो इतका देखणा झाला होता की इंजिनाने त्याप्रमाणे चालायला हरकत घेऊच नये असं वाटलं. सगळ्यात शेवटी असतो तो पूर्ण संच. मूळ जड मॅग्नेट काढून फेकायचा आणि त्याच्या जागी मुठीत मावेल असा छोटा आतला रोटर बसवायचा. मोटोक्रॉसच्या शर्यतींत हे फार चालतं. इंजिन पाणी फेकल्यासारखं फटकन रेस घेतं.

एका मित्राच्या क्वाडला असा रोटर आहे. मी ती एकदा चालवली. मोकळ्या सपाटीवर मजा आली, हे नाकारत नाही. पण पुढे दगडांच्या चढावर, पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने जायचं होतं, तिथे ती माझ्या हातात चार वेळा बंद पडली. जड मॅग्नेट हा इंजिनाचा धीर असतो. दोन ठोक्यांच्या मधली पोकळी तो आपल्या वजनाने ओढून नेतो, चिखलात चाक एकदम सटकू देत नाही. तो काढला की इंजिन हलकं होतं, आणि हलक्या माणसासारखं वागायलाही लागतं. शिवाय त्या संचात लाइटची कॉइल नसते, म्हणजे संध्याकाळ झाली की घरी. मित्र म्हणाला, सवय होते. होत असेल. मला त्या वयात ती सवय लावून घ्यायची नव्हती.

एसी-डीसीच्या घोळात तर मी थोडक्यात वाचलो. काही सीडीआय मॅग्नेटच्या कॉइलमधून थेट येणाऱ्या करंटवर चालतात, काही बॅटरीच्या बारा व्होल्टवर. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. आकार तोच, रबराची टोपी तीच, कपलरसुद्धा कित्येकदा एकमेकांत बसतो, फक्त पिनांचा क्रम वेगळा. एकाच्या जागी दुसरा लावला तर नशीब चांगलं असताना नुसती ठिणगी येत नाही, नशीब फिरलेलं असेल तर खोका जळतो. मी एका विक्रेत्याकडून जवळपास चुकीचाच मागवला होता. त्याच्या यादीत माझ्या गाडीचं नाव होतं, पण फोटोतला कपलर काहीतरी वेगळंच सांगत होता. सावकाश बघायची सवय कुठून आली ते सांगतो.

काका. लहानपणी काकांच्या मोटरसायकलला पॉइंट होते, उघडताच ठिणगी पाडणारी धातूची दोन तोंडं. दर काही महिन्यांनी सकाळी ते अंगणात गोणपाट अंथरून बसायचे, इंजिनाच्या बाजूचं झाकण काढायचे आणि पॉइंटची तोंडं बारीक पॉलिश पेपरने घासायचे. मग मधली फट मोजायला फीलर गेजची पाती. 0.35, 0.40 हे आकडे मी शाळेत दशांश अपूर्णांक शिकण्याआधी काकांच्या तोंडून ऐकले. टायमिंग बघायची त्यांची रीत मला जादूची वाटायची. सिगारेटच्या पाकिटातला तो पातळ कागद पॉइंटच्या दोन तोंडांत धरायचा, हलका ताण द्यायचा, आणि दुसऱ्या हाताने मॅग्नेट अगदी सावकाश फिरवायचा. एका क्षणी कागद सुटायचा. तिथे पॉइंट उघडले. तिथे ठिणगी. मग खूण जुळते का बघायची. काका मला कागद धरायला द्यायचे आणि म्हणायचे, "ओढू नकोस. तो आपणहून सुटला पाहिजे." त्या कागदाचं सुटणं बोटांना कळायचं आधी, डोळ्यांना नंतर.

इंजिनात ठिणगी कधी पडते हे मी त्यानंतर पुन्हा कधी बोटांनी अनुभवलं नाही.

सीडीआय आलं आणि तो कागद गेला. मॅग्नेट फिरतो, त्यातल्या चुंबकांमुळे सोर्स कॉइलमध्ये करंट तयार होतो, तो खोक्यातला वीज साठवणारा कपॅसिटर भरतो, शंभर-दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत. मॅग्नेटच्या अंगावरचा छोटा उंचवटा पिकअपसमोरून जातो तेव्हा पिकअप एक बारीकसा इशारा देतो, आणि त्या इशाऱ्यावर खोक्यातला थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, दार उघडतो. साठवलेलं सगळं एका झटक्यात एचटी कॉइलमध्ये रिकामं होतं, तिथून वीस हजार व्होल्टच्या वर जाऊन प्लगच्या फटीतून उडी मारतं. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तीनशे व्होल्टवर म्हणजे हिशेबाने 45 मिलिज्यूल. आकडा क्षुल्लक आहे, पण तो इतक्या कमी वेळात सुटतो की प्लगवर ऑइल चढलेलं असलं तरी ठिणगी दबत नाही. टू-स्ट्रोकला हेच हवं होतं. 1969 साली कावासाकीने आपल्या तीन सिलिंडरच्या 500 सीसी टू-स्ट्रोकवर सीडीआय दिलं त्याचं कारण तेच, प्लग काळे पडण्याचा जाच. साध्या बॅटरी-कॉइलच्या इग्निशनमधली ठिणगी जास्त वेळ टिकते, पण इतक्या जोराने उठत नाही. ज्याला जे हवं ते.

आणि वेळ किती? सहा हजार आरपीएमला क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा, एका मिलिसेकंदात 36 अंश फिरतो. म्हणजे एक अंश म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले 28. ही सगळी खरेदी, ही सगळी रात्रींची जागरणं, अशा दोन-तीन अंशांसाठी असतात. पिस्टन पूर्ण वर पोचायच्या आधीच ठिणगी द्यावी लागते, कारण जाळ पसरायला वेळ लागतो आणि दाब पिस्टन खाली निघताना पाठीत बसायला हवा. झोक्यावरच्या पोराला धक्का द्यावा तसं. पोर आपल्याकडे येऊन क्षणभर थांबतं, परत निघतं, तेव्हा हात लावला तर झोका उंच जातो. उशिरा लावला तर हात हवेत. आणि तो अजून आपल्याकडे येत असताना लावला तर धक्का पोराला बसत नाही, आपल्या मनगटाला बसतो. टायमिंग फार पुढे असलं की किक उलटी मारते ती याच हिशेबाने. माझ्या नडगीवर त्याची एक खूण आहे.

एके काळी हा निर्णय चालकाच्या हातात होता, अक्षरशः. फोर्डच्या मॉडेल टीला स्टिअरिंगखाली दोन बाजूंना दोन दांडे होते, उजवा रेसचा, डावा ठिणगीचा. हँडल मारून गाडी सुरू करताना डावा दांडा मागे ठेवायचा, गाडी चालायला लागली की पुढे आणायचा. विसरलं तर हँडल उलट फिरून माणसाचं मनगट मोडायचं. पुढे फिरत्या वजनांनी हे काम आपोआप व्हायला लागलं, मग पॉइंट गेले, मग खोका आला. प्रत्येक टप्प्यावर एक त्रास कमी झाला आणि एक गोष्ट हातातून गेली. काकांच्या गोणपाटावर मला पुन्हा बसायचंय असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात ते पॉइंट ओले व्हायचे, आणि काका तेव्हा जे बोलायचे ते लिहिण्यासारखं नाही. तरीही मूळ खोक्यात आत बसलेला तो अनोळखी इंजिनिअर, ज्याने माझ्या वतीने ठरवून टाकलंय की ठिणगी अमुक क्षणी आणि आरपीएम अमुकच्या वर नाही, त्याचा मला थोडा राग यायचा. बाजारातला खोका विकत घेताना त्या माणसाला बाजूला सारल्याचं एक सुख असतं. आपण निर्णय घेतला असं वाटतं. प्रत्यक्षात एका अनोळखी माणसाच्या जागी दुसरा अनोळखी माणूस येऊन बसतो. पहिल्याने निदान ही गाडी हजारो तास चालवून बघितलेली असते.

मी घेतला तो मधला. दोन कर्व्ह, एक बटण, वरची मर्यादा काढलेली.

नव्या खोक्यावर पहिल्याच रविवारी बाहेर काढली. पाऊण तास सुरेख चालली. मग एक ठोका चुकला. मग दोन. मग आतून कडी.

त्या वेळी मी हेल्मेट काढून एका दगडावर बसलो, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा हसू आलं. दादांना फोन केला नाही. घरी आल्यावर मॅग्नेटच्या कॉइलची वायर सुटी करून मीटर लावला, थंड असताना आकडा पुस्तकातला. मग बायकोचा हेअर ड्रायर आणून कॉइल प्लेटवर रोखून धरला. पाच मिनिटं आकडा हळूहळू वर चढत होता, ते साहजिकच, तापलेल्या तांब्याचा ओहम वाढतोच. सहाव्या मिनिटाला काटा एकदम अनंताकडे गेला. ड्रायर बंद केला, थोड्या वेळाने परत जागेवर. पुन्हा तापवली, पुन्हा गेला. आत कुठेतरी केसाएवढ्या तारेला चीर होती, जी थंडीत मिटायची आणि उष्णतेने उघडायची. बिचारा जुना खोका शेल्फवर पडून होता, निर्दोष. कॉइल बदलली, आणि दुखणं गेलं.

आता सरळ गोष्ट ही होती की जुना खोका परत लावायचा. मी लावला नाही. नवा आवडला होता. मधल्या आरपीएमला गाडी आधीपेक्षा लवकर उचलत होती, यात आता शंका नव्हती. गरज संपली तरी वस्तू ठेवायला कारण सापडतंच.

मग एका तापल्या दुपारी, लांब चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये भरल्या थ्रॉटलवर आवाज आला. पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून कुणी हलवावेत तसा. रेस सोडली की गेला, दिली की आला. टू-स्ट्रोकच्या कलकलाटात हा आवाज ऐकू येण्याइतका मोठा झाला म्हणजे आत पेट्रोलचं मिश्रण नीट जळण्याऐवजी बऱ्यापैकी फुटत असतं. घरी प्लग काढून भिंगाखाली धरला. पांढऱ्या चिनी मातीवर काळ्या मिऱ्यांसारखे ठिपके, आणि त्यात दोन-तीन चकाकणारे कण. ते कण ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियम तिथे बहुधा एकाच ठिकाणाहून येतं, पिस्टनवरून. हेड उघडलं तर पिस्टनच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खरखरीत जागा दिसली, नखाएवढी. अजून भोक पडायला बराच अवकाश होता, पण प्रवास त्याच दिशेने चालला होता. नव्या खोक्याने पुढे सरकवलेले ते दोन-तीन अंश थंड हवेत मला खुश करत होते आणि गरम हवेत पिस्टन खात होते.

मॅग्नेट पुलर लावून काढला. माझ्या इंजिनात पिकअप कॉइल प्लेटवरच आहे, म्हणून प्लेट सरकवली की टायमिंग सरकतं. स्क्रू सैल करून मॅग्नेट ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने प्लेट ढकलली, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा. दोन अंश म्हणजे प्लेटच्या कडेला जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. ब्लेडच्या टोकाने ओरखडा काढून मोजलं. परत सगळं बसवून, झाकण उघडं ठेवून, अंधारात टायमिंग लाइट मारला, दर ठिणगीबरोबर लुकलुकणारा. हे दृश्य मला कधीही जुनं होत नाही. हजारो फेऱ्यांनी गरगरणारा मॅग्नेट त्या लुकलुकत्या उजेडात थिजून उभा राहतो, आणि त्यावरची पांढरी रेघ जागच्या जागी किंचित थरथरत असते. रेस दिली की ती रेघ सावकाश एका बाजूला चालायला लागते. बटण दाबून दुसरा कर्व्ह घेतला की टुणकन उडी मारते. काकांचा कागद आठवला. त्याच क्षणाकडे बघायची ही दुसरी रीत, एवढंच.

खडे वाजायचे बंद झाले. जोरही गेला, बराचसा. म्हणजे मी एवढं सगळं करून जवळपास मूळ टायमिंगवर येऊन उभा राहिलो होतो, फक्त एक वायर कमी.

एका सुट्टीला भाचा आला. बावीस वर्षांचा आहे, मोटरसायकल चांगली चालवतो, क्वाडवर कधी बसला नव्हता. म्हणाला, "मामा, मी एक चक्कर मारू?" हो म्हणायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. त्याला हेल्मेट दिलं, बूट दिले, इंजिन बंद करायचा किल स्विच दाखवला, वळताना अंग आतल्या बाजूला टाकायला सांगितलं, आणि एवढं सगळं सांगताना मनात ती काळी-पिवळी वायर. शेवटी म्हणालो, "उद्या मार. आज एक काम राहिलंय." त्याचा चेहरा पडला. मीही त्याला नीट कारण सांगू शकलो नाही, कारण ते मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी सीट काढली, टाकी काढली, आणि दोघं मिळून त्या वायरीच्या मागे लागलो. खोक्याकडून ती फ्रेमच्या पोटाखालून पुढे जात होती, इतर वायरींबरोबर काळ्या नळीत. कार्ब्युरेटरपाशी तिची एक शाखा फुटत होती, दुसरी हँडलकडे, अंगठ्याने रेस द्यायच्या दांड्याकडे. मग डोक्यात प्रकाश पडला. अंगठा सोडलाय हे दांड्याला कळतं. कार्ब्युरेटरची स्लाइड, म्हणजे रेस दिली की वर उचलली जाणारी झडप, खाली बसलीये की वर अडकलीये हे कार्बवरच्या स्विचला कळतं. अंगठा सोडूनही स्लाइड वरच असेल, म्हणजे केबल चिखलाने धरली असेल किंवा स्लाइडमध्ये वाळू शिरली असेल, तर ही वायर खोक्याला सांगते, आणि खोका ठिणगी तोडतो. घाबरलेल्या माणसाला किल स्विच सापडेपर्यंत जे दोन-तीन सेकंद जातात, ते वाचवायला कुणीतरी ती वायर मापाने कापली होती. आरपीएम अडवणारा आणि हे करणारा माणूस बहुधा एकच.

भाचा टॉर्च धरून होता. "मामा, ही बघ," तो म्हणाला.

कार्बच्या स्विचपाशी वायर कापलेली होती. आजची नाही, वर्षांपूर्वीची. टोकावर टेप, टेपवर धुळीचा आणि ऑइलचा थर, थरावर केबल-टाय, सगळं अगदी नीटनेटकं. गाडी मी जुनी घेतली होती, तेव्हापासून ती तशीच असणार. म्हणजे ज्या वायरीने माझी इतक्या रात्रींची झोप खाल्ली, ती मी सोडायच्या कितीतरी आधीपासून कुठेच जात नव्हती. मूळ खोक्याच्या सहाव्या पिनेत ती इमानाने बसलेली होती आणि दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. त्या आधीच्या मालकाने ती का कापली असेल याचाही अंदाज आला. हे स्विच ओले झाले, किंवा केबलचा मोकळेपणा बिघडला, की नको तेव्हा ठिणगी तोडतात, आणि गाडी मिस मारते. त्यालाही मिसिंगच छळत असणार. त्यानेही सोपा उपाय शोधला होता. त्याचा राग करायला मला तोंड नव्हतं.

रात्री आम्ही ती जोडली. टोकं सोलून, पिळून, झाळून, वर आकसणारी नळी. कार्बचा स्विच पेट्रोलने धुतला, दांड्याचा उघडला तर आत वाळलेला चिखल निघाला. नवा खोका काढला, जुना लावला, प्लेट मूळ खुणेवर आणली. नवा आता खणात आहे, कापडात गुंडाळून. विकावा असं रोज ठरवतो. परवा एकदा काढून हातात धरला, वजन बघितलं आणि परत ठेवला. मधल्या आरपीएमची ती उचल आठवते, काय करणार.

सकाळी भाचा बूट घालून आधीच तयार. मी म्हणालो, "आधी किक मार, मी सांगतो." त्याने मारली, इंजिन चालू झालं, संथ धडधडत राहिलं. मी हँडलपाशी वाकून ॲडजस्टरमधून केबलचं बाहेरचं आवरण दोन बोटांत धरलं आणि हळूच मागे ओढलं. असं केलं की आतली तार खेचली जाते आणि अंगठा न लावताच स्लाइड उचलली जाते. इंजिनाने रेस घेतली, चढतच गेली, मी ओढतच होतो. काही झालं नाही. आवरण सोडलं, कार्बवरचा स्विच पाव आटा फिरवला, पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. अजून पाव आटा. तिसऱ्या वेळी रेस चढता चढता मधेच अडखळली, दोनदा खोकली आणि इंजिन विझलं. सायलेन्सरमधून धुराची एक वेटोळी बाहेर आली.

"बंद पडली, मामा," भाचा कसनुसं म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "पुन्हा मार किक."